टच चालत नाही, साहेब!

‘लिनक्सवर टच चालत नाही, साहेब. हे ठेवा बाजूला, नवीन घ्या.’

हे वाक्य मी दिल्लीत ऐकलं, पुण्यात ऐकलं, गुवाहाटीत ऐकलं. सांगणारा कधी दुकानदार असतो, कधी टाय लावलेला विक्री प्रतिनिधी, कधी आपल्यातलाच एखादा हुशार कॅप्टन. सूर मात्र सगळीकडे तोच, डॉक्टरने बाहेर येऊन नातेवाइकांसमोर हात झटकावेत तसा. ऐकणारा मान डोलावतो आणि पाकीट काढतो. आज त्या वाक्याची हजेरी घ्यायची आहे.

आधी एक खुलासा, कारण माझ्या वाचकांत निम्मे माजी सैनिक आहेत आणि त्यांच्या भुवया लगेच वर जातात. हे सगळं खाजगी, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रांबद्दल आहे. सरकारी यंत्रांवर काय चालतं आणि काय नाही, याबद्दल इथे एक अक्षर मिळणार नाही. पोस्टिंगचं ठिकाणही नेहमीप्रमाणे ‘डोंगरात’ एवढंच.

माझं यंत्र म्हणजे टफबुक सीएफ-१९, जुन्या बाजारातून एका मध्यम स्मार्टफोनच्या किमतीत घेतलेलं. छोटा पडदा, तो फिरवून पाटीसारखा आडवा करता येतो. मॅग्नेशियमचं कवच, वजन सव्वादोन किलोच्या पुढे. यंत्राबद्दल माझी काडीची तक्रार नाही. दोन बदल्या, ट्रकच्या मागच्या भागातला प्रवास, एकदा खेचरावरून उतरताना खाल्लेली आपट, हे सगळं त्याने पचवलंय. तक्रार आहे ती अशी यंत्रं धडधाकट असताना त्यांना मेलेलं ठरवणाऱ्यांबद्दल.

मुळात लिनक्स कशाला, हा पहिला प्रश्न. उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा. म्हणजे कवच पंधरा वर्षं टिकेल असं बनवायचं आणि आतली प्रणाली कुणीतरी परदेशातल्या कार्यालयात बसून तारीख ठरवून बंद करायची. खेचराला जे जमलं नाही ते तारखेने केलं. अशा यंत्रावर हलकं डेबियन टाकलं की ते पुन्हा तरुण होतं असं मी म्हणणार नाही, पण नकाशे पाहणं, पत्रं लिहिणं, फोटो ठेवणं, पेन्शनचे कागद पीडीएफ करणं, मुलांचा अभ्यास, एवढं सगळं ते निमूट करतं. फक्त बसवल्या दिवशी बोट टेकवलं तर पडदा ढिम्म हलत नाही. आणि इथेच ते वाक्य येतं.

‘मिलिटरी ग्रेड’ या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे, कारण नवीन घ्या म्हणणारा पुढच्या श्वासात हाच शब्द काढतो. जाहिरातीत मिल-स्टँडर्ड ८१० लिहिलेलं असतं आणि आपण गणवेशातली माणसं त्या ‘मिल’पुढे जरा जास्तच वाकतो. हे मानक १९६२ पासून आहे. ‘जी’ आवृत्ती २००८ ची, ‘एच’ २०१९ ची. पण ते आहे काय? चाचण्या कशा घ्याव्यात याची पद्धती सांगणारं जाडजूड पुस्तक. पाऊस, धूळ, कंपन, थंडी, उष्णता, प्रत्येकाची वेगळी पद्धत. त्यातून कोणती चाचणी घ्यायची आणि किती कडक घ्यायची, हे निवडावं लागतं. ‘पास’ असं प्रमाणपत्र देणारी कुठलीही सरकारी संस्था त्यामागे उभी नसते. बनवणारा स्वतः चाचणी घेऊ शकतो आणि स्वतःच जाहीर करू शकतो. सगळ्यांना आवडणारी ती चार फुटांवरून पाडण्याची चाचणी घ्या. २६ वेळा पाडायचं, प्रत्येक बाजूवर, कडेवर, कोपऱ्यावर. पण ‘जी’ आवृत्तीप्रमाणे हे २६ आघात एकाच नगाने सोसले पाहिजेत असं नाही, ते पाच नगांपर्यंत वाटून घेता येतात. म्हणजे एकाच्या वाट्याला पाच-सहा. आपल्या पीटीच्या परीक्षेत पाच जणांनी मिळून पाच किलोमीटर धावायची मुभा असती तर काय बहार आली असती!

आणि त्या साऱ्या पुस्तकात हा प्रश्न कुठेच नाही: या यंत्राचा पडदा दहा वर्षांनंतर, मूळ प्रणाली बंद पडल्यावर, चालेल का? त्याचा ड्रायव्हर कुणाकडे आहे? तो आघात सर्वांत मोठा, आणि त्याची चाचणी घ्यायचं कुणाच्या मनातही नाही.

आता पडद्याकडे. टचस्क्रीन ही आमच्या कामात चैन वाटते, पण तसं नाही. मी ज्या उंचीवर अनेक हिवाळे काढले तिथे हातमोजा काढून चार शब्द टाइप करायचे म्हणजे बोटं पुढची वीस मिनिटं आपली राहत नाहीत. मोबाइलला असतो तो कपॅसिटिव्ह पडदा. त्याला बोटाचा विद्युतभार जाणवावा लागतो, जाड मोजा घातला की तो बहिरा होतो. आसामच्या पावसात याच्या उलट, पाण्याचा थेंब पडला तरी त्याला बोट वाटतं आणि नकाशा आपोआप बांगलादेशाकडे सरकू लागतो. जुन्या दणकट यंत्रांत असतो तो रेझिस्टिव्ह पडदा. दोन पारदर्शक वाहक थर, मध्ये बारीक फट. दाबलं की थर एकमेकांना टेकतात आणि कुठे टेकले ते मोजलं जातं. मोजा असो, पेन्सिलचं टोक असो, नख असो, त्याला फक्त दाब कळतो. दोन बोटांनी फोटो मोठा करण्याचे लाड तो करत नाही, राजस्थानच्या वाळूने त्याला चरे पडतात, चित्रही जरा धुरकट दिसतं. पण उणे तापमानात मोजे घालून काम करणाऱ्या माणसाला विचारा, त्याला कोणता हवा. म्हणून ‘टच गेला तर जाऊ दे, कीबोर्ड आहे की’ असं हीटरशेजारी बसून म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

मग तो चालत का नाही?

यूएसबीचं उपकरण जोडलं की ते स्वतःची ओळख सांगतं: मी अमुक कंपनीचं, अमुक क्रमांकाचं. कर्नल ती ओळख वाचतो, यादीत बघतो, योग्य ड्रायव्हर लावतो. (इथे ‘कर्नल’ म्हणजे लिनक्सचा गाभा, आमच्या मेसमध्ये यावरून होणारे विनोद मी सोडून देतो.) पण सीएफ-१९ च्या जुन्या पिढ्यांत फुजित्सूचा टच कंट्रोलर यूएसबीवर नसून आतल्या आत एका सीरियल पोर्टला जोडलेला असतो. सीरियल पोर्ट म्हणजे नुसती तार. पलीकडे मॉडेम आहे, जीपीएस आहे की पडदा आहे, हे ती तार सांगत नाही. सिग्नलच्या भाषेत बोलायचं तर नेटवर एक स्टेशन आहे, पण ते स्वतःचं कॉल साइन देत नाही. कंट्रोल स्टेशनने त्याला उत्तर द्यायचं तरी कसं? विंडोजवर कंपनीने आधीच कानात सांगून ठेवलेलं असतं, ‘या तारेवर पडदा आहे.’ लिनक्सला ते कुणीतरी सांगावं लागतं. बस्स. पडदा मेलेला नाही, ड्रायव्हरही गायब नाही. परिचय करून द्यायचा राहिलेला आहे.

आणि ड्रायव्हर तर आहेच! ‘फुजित्सू टीएस’ नावाची फाइल लिनक्सच्या गाभ्यात कित्येक वर्षं पडून आहे. ती लिहिली दिमित्री तोरोखोव यांनी, जे लिनक्सच्या इनपुट विभागाची देखभाल करतात. कधी कुतूहल म्हणून उघडून वाचा. दोनशे ओळीही नाहीत. पडदा प्रत्येक स्पर्शाला पाच बाइट पाठवतो. पहिल्या बाइटमध्ये ‘हे नव्या निरोपाचं पहिलं अक्षर’ अशी खूण आणि बोट टेकलंय की उचललंय ते. पुढच्या दोनांत आडवं माप, शेवटच्या दोनांत उभं. झालं. आपल्या रेडिओवरच्या ग्रिड रेफरन्ससारखंच, आधी इस्टिंग मग नॉर्दिंग. ज्या गोष्टीला बाजारात ‘चालतच नाही’ म्हणतात ती एवढी आहे.

परिचय करून देणाऱ्या साधनाचं नाव इनपुटअटॅच. डेबियन, उबुंटूमध्ये ते एका वेगळ्या छोट्या पॅकेजमधून मिळतं. त्याला फुजित्सू हा पर्याय आणि पोर्टचं नाव द्यायचं. ते ९६०० च्या वेगाने पोर्ट उघडतं, झोपलेल्या कंट्रोलरला उठवतं आणि तार ड्रायव्हरच्या हवाली करतं. पोर्ट कोणता हे यंत्राच्या पिढीप्रमाणे बदलतं, म्हणून आधी डीमेसेज या आज्ञेने कर्नलला कोणकोणते सीरियल पोर्ट दिसले ते बघायचं आणि एकेक करून पाहायचं. बाहेरचा दिसणारा पोर्ट सोडला तर उरतात एक-दोनच. योग्य पोर्ट मिळाला की ईव्हीटेस्ट चालवून पडद्यावर बोट फिरवा, आकडे धावू लागतात. ते आकडे पहिल्यांदा धावताना बघण्यात जी मजा आहे ती मी कुठल्याही दुकानात विकत घेऊ शकलो नसतो. हे हाताने जमलं की मग सिस्टिमडीची चार-सहा ओळींची सर्व्हिस लिहून ठेवायची, म्हणजे यंत्र सुरू होताना काम आपोआप होतं. झोपेतून उठल्यावर पडदा पुन्हा गप्प झाला तर तीच सर्व्हिस पुन्हा सुरू करायची.

बोट चालतं पण बाण भलतीकडे जातो, हा पुढचा टप्पा. इथेच बरेच जण सोडून देतात. रेझिस्टिव्ह पडद्याचे कोपरे कागदावरच्या शून्यापासून सुरू होत नाहीत. पडद्याचं माप आणि कंट्रोलरचं माप यांत फरक असतो. तोफखान्यातल्या मित्रांना हे समजावून सांगायची गरज नाही, पहिला गोळा नेहमी निशाण्यावर पडत नाही, दुरुस्ती द्यावी लागते. लिबइनपुटमध्ये ही दुरुस्ती सहा आकड्यांत देतात. १, ०, ०, ०, १, ० म्हणजे जसं आहे तसं. पडदा घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवला तर ०, वजा १, १, १, ०, ०. मधले आकडे पडद्याचे चार कोपरे दाबून आणि साधी त्रैराशिकं मांडून निघतात. सातवीचं गणित आहे. ते सहा आकडे युडेव्हच्या नियमांच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहायचे, यंत्र पुन्हा सुरू करायचं.

माझे दोन संध्याकाळी गेले. त्यातली दीड त्या सहा आकड्यांत.

आता राग कशाचा ते सांगतो. गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या हवालदाराचा फोन आला. अक्कलकोटकडचा गडी, सिग्नलमधला, पेन्शनीला दोन वर्षं राहिलेली. त्याने मुलीच्या डिप्लोमासाठी असंच एक जुनं दणकट यंत्र घेतलं होतं, वर लिनक्स टाकून. टच चालेना म्हणून तो शहरातल्या एका दुकानात गेला. दुकानदाराने पाच मिनिटांत निदान केलं: पडदा गेला, बदलायला यंत्राच्या किमतीएवढा खर्च, त्यापेक्षा भंगाराच्या भावात आम्ही घेतो, नवीन हप्त्यावर देतो. हप्ता किती, तर त्याच्या घरी जाणाऱ्या पैशातला चांगला लचका. त्याने सही करण्याआधी मला फोन केला, एवढंच नशीब. फोनवरून सांगत सांगत आम्ही पोर्ट शोधला. तिसऱ्या प्रयत्नात पलीकडून आवाज आला, ‘साहेब, आकडे पळायलेत!’ मग जरा थांबून तो म्हणाला, ‘मग त्यानं पडदा गेला असं का सांगितलं?’

या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे सांगण्यापेक्षा नवीन विकणं फायद्याचं होतं. अज्ञान आणि नफा एकाच बाजूला उभे राहिले की सामान्य माणूस हरतो. आपला जवान तर दुप्पट हरतो, कारण त्याला सुट्टीचे मोजके दिवस असतात आणि दुसऱ्या दुकानात फिरायला वेळ नसतो.

पण दुकानदारावर सगळं ढकलून मी मोकळा होणार नाही. दोष आपल्या सवयीतही आहे. रंगरूट येतो तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत आपण त्याला काय शिकवतो? खोलना-जोडना. रायफल उघडायची, प्रत्येक भागाचं नाव घ्यायचं, साफ करायची, जोडायची, आणि एक दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून तेच. खडकवासल्यालाही आम्ही हेच केलं. का? कारण रात्री, चिखलात, बंद पडलेलं हत्यार घेऊन बनवणाऱ्याच्या सेवा केंद्राची वाट बघता येत नाही. आपल्या सेनेत दुरुस्तीसाठी एक अख्खी कोअर आहे. १५ ऑक्टोबरला ईएमईचा स्थापना दिन असतो, ब्रीद आहे ‘कर्म ही धर्म’. बर्फात इंजिन उतरवून गाडी पुन्हा चालती करणारे कारागीर मी पाहिलेत. तोच माणूस स्वतःच्या लॅपटॉपसमोर मात्र हात जोडून बसतो, कारण ‘ते कॉम्प्युटरचं आहे’. वॉरंटीच्या स्टिकरला आपण सीलबंद दारूगोळ्यासारखा मान देतो. स्टिकरची मुदत सहा वर्षांपूर्वी संपलेली असते तरीही!

हा रोग एकट्या आपला नाही. अमेरिकन मरीन कोअरमधल्या एल एकमन या लॉजिस्टिक्स अधिकाऱ्याने २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून हेच जाहीरपणे मांडलं. ओकिनावामध्ये मरीन जवान इंजिनं पेटीत भरून दुरुस्तीसाठी अमेरिकेतल्या कंत्राटदाराकडे परत पाठवत, कारण करारात तसं लिहिलं होतं. दुरुस्त करू शकणारी माणसं तिथेच उभी होती. पुढे एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या संरक्षण मंत्र्यांनी लष्कराच्या करारांत दुरुस्तीचा हक्क घालण्याचा आदेश काढला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्टलही उघडलं, मोबाइल, गाड्या, शेतीची अवजारं, घरगुती उपकरणं त्यात येतात. चांगली सुरुवात. पण सुटे भाग आणि सेवा केंद्राचा पत्ता मिळणं वेगळं, आणि पडदा कोणत्या तारेवर आहे, तो कोणत्या भाषेत बोलतो, हे कागदावर मिळणं वेगळं. मला दुसरं हवंय.

माझ्याशी वाद घालणाऱ्यांचा पहिला मुद्दा असतो सुरक्षेचा. ‘उघडी प्रणाली म्हणजे शत्रूलाही दिसणार.’ शत्रूला पाच बाइट दिसले म्हणून काय बिघडलं? कुलूप कसं काम करतं हे जगाला माहीत असतं, किल्ली आपल्याकडे असते. फ्रान्सची जांदार्मरी, म्हणजे त्यांचं लष्करी दर्जाचं पोलिस दल, २००५ मध्ये ओपनऑफिसवर गेली आणि २००८ पासून उबुंटूवर. आज तिथली बहुतांश यंत्रं त्यावरच आहेत. आपल्याकडे सी-डॅकचं बॉस लिनक्स २००७ पासून आहे, मराठीसकट भारतीय भाषांसह. संरक्षण मंत्रालयाच्या उबुंटूवर आधारित ‘माया’ची बातमी ऑगस्ट २०२३ मध्ये सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती, त्यापलीकडे मी त्यावर बोलणार नाही. लिनक्स टाकलं की आपण सुरक्षित झालो असंही मी म्हणत नाही. निष्काळजी माणूस कोणत्याही प्रणालीवर निष्काळजीच राहतो.

दुसरा मुद्दा जरा वजनदार आहे: ‘सैनिकाने सैनिकाचं काम करावं, ही डोकेफोड त्याची नाही.’ मान्य, प्रत्येकाने करू नये. प्रत्येक जवान गाडीही दुरुस्त करत नाही. पण प्रत्येक तुकडीत एक असा असतो ज्याला कार्बोरेटरचा आवाज ऐकून दुखणं कळतं. तसा एक इथेही हवा, आणि त्याने हात लावला तर ‘तुझं काम नाही’ असं त्याला कुणी दटावू नये. निवृत्तीनंतर हीच पोरं सुरक्षारक्षकाच्या खुर्चीवर बसतात. सिग्नल आणि ईएमईतल्या माणसांच्या हाताला वीस वर्षांचं कसब असतं, आणि तालुक्याच्या गावात जुनी यंत्रं जिवंत करणारं दुकान एकही नसतं. या दोन गोष्टी एकमेकांना भेटत का नाहीत, हे मला आजवर कळलेलं नाही.

लिनक्सवाल्यांनाही मी सोडणार नाही. तुमची कारागिरी उत्तम, पण तुमचं दळणवळण भयानक आहे. पूर्वी एक्सइनपुट कॅलिब्रेटर नावाचं साधं साधन होतं: चार फुल्या दाबा, काम झालं. मग तुम्ही एव्हडेव्ह बाजूला सारून लिबइनपुट आणलं, एक्स बाजूला सारून वेलँड आणलं. कारणं रास्त असतील. पण त्या चार फुल्यांच्या जागी सामान्य माणसाला काय दिलं? सहा आकड्यांचा मॅट्रिक्स आणि ‘मॅन्युअल वाचा’ असा तुसडा सल्ला. मी वाचलं, कारण मला सवय आहे. आमची मॅन्युअलं याहून रटाळ असतात. माझ्या हवालदाराने ते कोणत्या भाषेत वाचायचं? मराठीत या विषयावर शोधलं तर नव्या मोबाइलच्या जाहिराती मिळतात. इनपुटअटॅच पडद्यावर बोट ठेवायला सांगून स्वतःच पोर्ट शोधेल, चार कोपरे दाबून घेईल आणि नियमाची फाइल लिहील, असं बटण बनवणं तुम्हाला अवघड नाही. तुम्हाला ते कंटाळवाणं वाटतं. सेनेत निम्मी कामं कंटाळवाणी असतात, तरीही रोज पहाटे ती केली जातात.

खरेदी करणाऱ्या प्रत्येकासाठी, मग ती संस्था असो, शाळा असो की माजी सैनिकांची सोसायटी, माझी मागणी अगदी मर्यादित आहे. यंत्र घेताना चार गोष्टी लेखी मागा. पडदा, पेन, रेडिओ, विशेष बटणं यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य गाभ्यात आहेत का? नसतील तर त्यांची भाषा, म्हणजे ते पाच बाइट, कागदावर मिळेल का? आधार संपल्यावर काय? बॅटरी आणि डिस्क साध्या पेचकसने निघते का? विक्रेत्याच्या चेहऱ्यावर या प्रश्नांनी जो गोंधळ उमटतो तोच पुष्कळ सांगून जातो. एका विक्री प्रतिनिधीने मला उत्तर दिलं होतं, ‘सर, असं कोणी विचारत नाही.’ मी त्याच्या नोंदवहीत स्वतः लिहून दिलं, की आता विचारलंय.

ज्यांच्याकडे असं यंत्र आधीच पडून आहे त्यांनी भंगारवाल्याला फोन करण्याआधी ते उलटं करून मॉडेल क्रमांक वाचावा. सीएफ-१९ च्या पुढच्या अक्षरांवरून पिढी कळते. नंतर एलएसयूएसबी ही आज्ञा द्यावी. यादीत टचचं उपकरण दिसलं तर बहुधा कर्नल ते स्वतःच सांभाळतो, फक्त सहा आकडे पाहावे लागतील. दिसलं नाही तर पडदा सीरियलवर असण्याची शक्यता मोठी, मग वर सांगितलेल्या वाटेने जायचं. ब्राइटनेसची आणि इतर खास बटणं चालत नसतील तर पॅनासोनिक-लॅपटॉप नावाचं मॉड्यूल चढलंय का ते बघा. पडदा उभा धरायचा असेल तर चित्र आणि मॅट्रिक्स दोन्ही फिरवावे लागतात, एकच फिरवलं तर बोट उत्तरेला जातं आणि बाण पूर्वेला. माझा हवालदार सध्या त्यावर बसलाय. त्याच्या मुलीला उभ्या पडद्यावर पुस्तक वाचायचंय.